स्कायलॅब पडली ती तारीख

आमच्या दैनिकाच्या चौथ्या पानावर डाव्या हाताला, राशिभविष्याच्या खाली आणि मोंढ्यातल्या बाजारभावाच्या वर, एक लहानशी चौकट असायची. नाव 'दिनविशेष'. आजच्या तारखेला पूर्वी जगात काय काय घडलं ते सात ओळींत. १९८१ साली मी जालन्याच्या या पेपरात लागलो तेव्हा कुणालाच नको असलेलं हे काम माझ्या गळ्यात पडलं आणि निवृत्तीपर्यंत गळ्यातच राहिलं. बाकीचे सहकारी निवडणुका, अपघात, मोर्चे यांच्या मागे धावत. माझी बातमी कधी शिळी होत नसे, कारण ती मुळातच शिळी असे.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. जुन्या लग्नपत्रिकांची पाठ कोरी असते. त्या कापून मी कार्डं केली होती आणि बुटांच्या खोक्यांत महिन्यावार लावली होती. वर्षाचे तीनशे सहासष्ट कप्पे. एकोणतीस फेब्रुवारीचा कप्पा चार वर्षांतून एकदाच उघडायचा, पण तोही होता. जिल्हा ग्रंथालयातले कोश, एक जाडजूड इंग्रजी वर्षपुस्तक, आकाशवाणी आणि रद्दीची दुकानं, या चार ठिकाणांहून माल यायचा. सात ओळींत एक जन्म, एक मृत्यू, एक लढाई किंवा तह, एखादा शोध आणि जमल्यास आपल्याकडचं काही, असा माझा हिशेब असे. सतरा सप्टेंबरला अडचण नसायची, मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला तो दिवस. अडचण यायची ती एखाद्या कोरड्या तारखेला, जेव्हा जगात कुणी जन्मलं नाही, मेलं नाही आणि भांडलंही नाही.

पहिली काही वर्षं पेपर खिळ्यांवर निघे. अक्षरं जुळवायला रशीदभाई होते. शिशाच्या एकेका अक्षराचा खिळा कप्प्यांच्या लाकडी केसमधून उचलून ते ओळ बांधत. माझ्या चौकटीवर त्यांचा राग होता, आणि तो योग्य होता. विसाव्या शतकातलं प्रत्येक साल 'एकोणीसशे'नं सुरू होतं. बाजारभाव, तारखा आणि माझं सदर मिळून एक आणि नऊ या आकड्यांचे खिळे दुपारीच संपून जात.

"साहेब, नऊ खतम," ते खिडकीतून ओरडत. "आता आठराशेचं काही असंल तर द्या. न्हाईतर महायुद्ध उद्या छापू."

"महायुद्ध उद्या कसं छापता येईल, रशीदभाई?"

"मंग आज हमको नऊ लाके देव."

अशा वेळी मी महायुद्ध काढून एखादा अठराशे अमुक सालातला भूकंप देत असे. जालना जिल्ह्यातल्या वाचकांना जगाचा इतिहास काही वर्षं नऊच्या खिळ्यांच्या बेतानं मिळाला, हे आज कबूल करायला हरकत नाही.

तुम्ही म्हणाल, असली चौकट वाचतं कोण? मलाही आधी तेच वाटायचं. पण शाळांत सकाळी परिपाठ असतो. प्रार्थना झाली की एखादी मुलगी पुढं येऊन दिनविशेष वाचते, आणि गुरुजी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात. गुरुजींना तो आमच्या पेपरात आयता मिळे. म्हणजे माझी एक चूक सकाळी अकराच्या आत अंबडपासून जाफराबादपर्यंत शेकडो पोरांच्या वहीत जाऊन बसणार. अग्रलेखाला असं भाग्य नाही.

चुका कळवणारेही होते. जाफराबादला एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. वीस जुलैला मी 'माणूस चंद्रावर उतरला, १९६९' असं छापलं की त्यांचं पोस्टकार्ड ठरलेलं. 'महोदय, यान उतरले तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. भारतात तारीख एकवीस होती. मी स्वतः रेडिओपाशी जागा होतो.' मी ते कार्ड वाचायचो आणि बाजूला ठेवायचो. पुस्तकात वीस होतं. छापील पुस्तकापुढं जाफराबादच्या पोस्टमास्तरांचं काय घेऊन बसायचं, असा माझा तेव्हाचा तोरा होता. तो पुढं उतरला. कसा, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

१९९७ चा मे महिना. दुपारी साडेबाराच्या सुमाराला एक बाई कचेरीत आली. चाळिशीची, कपाळ मोकळं, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. अंबडच्या पुढच्या एका गावाहून दोन गाड्या बदलून आली होती. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथंच आहेत. दारात उभं राहून तिनं विचारलं, "तारखा सांगनारे सायब कोनते?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "इस्कायलाब कधी पडली, तेवढं लिहून द्या."

स्कायलॅब आता पुष्कळांना आठवत नसेल. अमेरिकेनं अवकाशात सोडलेली ती एक प्रयोगशाळा होती, चांगली घराएवढी. ती कोसळणार आणि कुठं कोसळेल ते सांगता येत नाही, असं रेडिओवर सांगितलं गेलं तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी गावांनी आता जग बुडणार असंच धरलं. लोकांनी कोंबड्या-बकरी कापून खाल्ली, ठेवणीतले कपडे घातले, काही जण देवळात जाऊन बसले. शेवटी तिचे तुकडे समुद्रात आणि ऑस्ट्रेलियाच्या एका ओसाड भागात पडले.

"तुम्हाला कशाला पाहिजे ती तारीख?" मी विचारलं.

"माझी पोरगी त्या दिशी झाली."

बाईचं नाव गयाबाई. मुलगी सुनंदा, एकुलती एक. गाव तिला लाडानं आणि चेष्टेनंही 'लाबी' म्हणे. सुनंदानं नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती. नवरा ती सातवीत असताना वारला. तेव्हापासून घरचं सगळं धाकटे दीर भगवानराव पाहत. ते गावचे पोलीस पाटील. त्यांनी सुनंदाचं लग्न ठरवलं होतं, जूनच्या पहिल्या आठवड्यात.

"पोरगा वाईट न्हाई," गयाबाई म्हणाली. "जमीन हाय, घर हाय. पन पोरीचा निकाल जूनमदी मागून लागनार. तिला नर्सचं शिकायचंय. मार्क बराबर पडले तर तिचा नंबर लागतो म्हनून शाळेतल्या बाईंनी सांगितलंय. लगीन झाल्यावर कोन शिकवतंय?"

"मग दिरांना तसं सांगा."

"सांगून राह्यले की दोन महिन्यांपासून. ते म्हनतेत, शाळेच्या दाखल्यावर एक जूनला पोरगी आठरा पुरी करते. कायद्यानं समदं बराबर हाय."

एक जून ही तारीख आमच्या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पोर शाळेत घालायला आणलं आणि जन्मतारीख ठाऊक नसली की मास्तर एक जून लिहीत. १९८५ च्या जूनमध्ये सुनंदाला पहिलीत घातलं तेव्हा ती सहा वर्षांची पुरी व्हायला थोडे दिवस कमी होते. मास्तरांनी एक जून १९७९ लिहून ते पुरे केले. स्कायलॅब पडली अकरा जुलैला. म्हणजे मुलगी खरी अठराची व्हायला लग्नानंतरही महिनाभर उरत होता आणि निकाल लागणार होता नेमका त्या महिन्यात.

"भावजी पोलीस पाटील हायेत," गयाबाई खाली बघत म्हणाली. "गावात कमी वयाच्या पोरीचं लगीन असंल तर त्यांनीच वर कळवायचं असतं. सोताच्या घरात ते तसं करनार न्हाईत. फक्त कुनीतरी कागदावर दाखवाय पाहिजे."

बाईचं डोकं किती सरळ चालत होतं ते पाहून मी जरा चाट पडलो. मी खोक्यातून कार्ड काढलं. कार्डावर बारा जुलै होतं. पण मला स्वतःला आठवत होतं, रेडिओवर बातमी सकाळी आली होती आणि ती आदल्या दिवसाची होती. मी ग्रंथालयात जाऊन जुन्या अंकांची फाइल काढली. आपल्या घड्याळानं ती पडली अकरा जुलैला, रात्री दहाच्या सुमाराला. ऑस्ट्रेलियात तेव्हा बारा तारीख लागली होती. माझं इंग्रजी वर्षपुस्तक त्यांच्या घड्याळानं चालत होतं आणि त्याच्यामागून मीही.

मी पेपरच्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या: 'स्कायलॅब भारतीय वेळेनुसार ११ जुलै १९७९ रोजी कोसळली.' खाली सही, शिक्का. गयाबाई तो कागद पिशवीत घालून गेली. आमचे संपादक भाऊसाहेब हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "दिलंत तेवढं पुरे. लग्नं मोडायचं काम आपलं नव्हे." मलाही ते पटलं.

आठव्या दिवशी ती परत आली. बसलीच नाही. पिशवीतून एक कात्रण काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवलं. आमच्याच पेपरचं, तीन वर्षांपूर्वीचं. 'दिनविशेष, १२ जुलै. १९७९: स्कायलॅब कोसळली.' पोलीस पाटलांच्या घरी आमचा पेपर पहिल्यापासून येत होता आणि त्यांना कात्रणं ठेवायची सवय होती.

"भावजी म्हनले, हा मानूस छापतो एक आन् लिहून देतो दुसरं. ह्याच्या कागदावर मी लगीन थांबवू?" ती माझ्याकडं सरळ बघत होती. "सायब, खरं कोनतं?"

"अकरा खरं. कात्रण चुकलंय."

"मंग तसं तिथं येऊन सांगा."

एका दिवसाच्या फरकानं कायद्यात काही बदलत नव्हतं. अकरा काय नि बारा काय, मुलगी जूनमध्ये अठराची होत नव्हती. पण माणसाचं एक खोटं निघालं की त्याचं दुसरंही खोटं ठरतं. ती चूक मी एकदा नाही, पाच-सहा वर्षं छापली होती, आणि पोस्टमास्तरांनी याच दुखण्यावर बोट ठेवूनही मी पाहिलं नव्हतं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी जुन्या अंकाची प्रत आणि एक जुनं कॅलेंडर घेऊन अंबडच्या एसटीत बसलो. तिथून पुढं जीप.

भगवानराव ओसरीवर बसले होते. पन्नाशीच्या आतले, पांढरा शर्ट, खिशाला पेन. माणूस आडदांड नव्हता. त्यांनी मला लोड दिला, पाणी मागवलं आणि म्हणाले, "तुमचं सदर मी रोज वाचतो. म्हनूनच तर घोळ झाला."

मी अंक दाखवला, घड्याळांचा फरक समजावला आणि चूक माझी म्हणून सांगितलं. एका पोलीस पाटलापुढं आपल्या सत्तर-ऐंशी शब्दांच्या चौकटीबद्दल कबुलीजबाब देणं ही वेगळीच गोष्ट असते. त्यांनी अंक बारकाईनं वाचला, घडी घालून परत दिला.

"बरं. पडली अकराला. पन पोरगी त्याच दिशी झाली कशावरून? वैनी म्हनते म्हनून?"

गयाबाई दाराआड उभी होती. ती बाहेर आली, आणि तिच्यामागून एक म्हातारी. कोंडाबाई, गावची सुईण. बौद्धवाड्यात राहायची. गयाबाईनं तिला आधीच बोलावून ठेवलं होतं. कोंडाबाई ओसरीच्या पायरीवर टेकली.

"म्या सोडवली पोरीला," ती म्हणाली. "गावात मानूस नव्हतं. समदे गाड्या जुंपून गेल्ते. दिवा लावायच्या वक्ताला पोरगी झाली."

"तारीख कोनती होती?"

"तारीख मला काय ठावं, पाटील? पन दुसऱ्या दिशी सकाळी म्या बाळंतिणीला सुंठ-गूळ आनाया बाजारात गेल्ते. आपल्या गावचा बाजार बेस्तरवारचा. तर बाजार भरलाच न्हाई. एक दुकान न्हाई, कुत्रं न्हाई. तशीच माघारी आले. मंग माझ्याच घरचा गुळाचा खडा दिला हिला."

मी कॅलेंडर उघडलं. १९७९ सालचा बारा जुलै गुरुवारी होता. मी बोट ठेवून ते भगवानरावांपुढं धरलं. गुरुवारी बाजार, आदल्या दिवशी बुधवारी जन्म. अकरा जुलै.

त्यांनी कॅलेंडरकडं पाहिलंच नाही. ते कोंडाबाईकडं बघत होते.

"तू का न्हाई गेलीस?" त्यांनी विचारलं.

"आमाला कोन गाडीत घेतंय?" कोंडाबाई म्हणाली. बोलण्यात राग नव्हता. बाजारभाव सांगावा तसं तिनं ते सांगितलं.

गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजत होती. मग भगवानराव बोलले, मला नव्हे, कुणालाच नव्हे असं. "भाऊ बियाणं आनाया जालन्याला गेल्ता. गाडी म्या जुंपली. जांबला समर्थांच्या देवळात जाऊन बसायचं ठरलं. आई म्हनली, गयाला घे. म्या म्हनलं, कळा सुरू झाल्यात, वाटंत काय करायचं? माझी दोन लेकरं होती गाडीत." ते थांबले. "गाडीत जागा होती."

गयाबाई म्हणाली, "भावजी, त्याचं काही न्हाई माझ्या मनात. मी कधी बोलले का?"

"न्हाई बोललीस. म्हनूनच म्हनतो."

एवढ्यात आतून सुनंदा चहा घेऊन आली. उंच, सावळी, केस घट्ट बांधलेले. आपल्याच जन्माची ही चौकशी ती दाराआडून ऐकत असणार, पण चेहऱ्यावर तसं काही दिसू दिलं नाही. भगवानरावांनी बशी हातात घेतली आणि तिला विचारलं, "निकाल कधी हाय?"

"जूनच्या मध्यात म्हनतेत, काका."

"लागू दे मंग. पावन्यांना मी कळवतो."

मी जीप गाठली. आपण फार मोठं काही केलं असं मला तेव्हा वाटलं नाही. निकाल वाईट लागला असता तर हे सगळं महिनाभराच्या उशिरावर मिटलं असतं. त्या वर्षी अकरा जुलैच्या चौकटीत मी स्कायलॅब घातली आणि खाली एक ओळ टाकली, की यापूर्वी तारीख चुकीची छापली गेली. पुढच्या आठवड्यात चंद्राचीही दुरुस्ती केली. पण पोस्टमास्तरांचं कार्ड आलं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, ते आदल्या हिवाळ्यातच गेले होते. त्यांना एक साधं उत्तरही मी कधी लिहिलं नाही, याची चुटपुट आहे.

सुनंदाची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. निकाल चांगला लागला. पाहुण्यांनी थांबायला नकार देऊन त्याच जूनमध्ये दुसरीकडं सोयरीक केली. भगवानरावांना त्याचा गावात थोडा त्रास झाला. औरंगाबादला नर्सिंगला तिचा नंबर लागला तेव्हा पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन होस्टेलपर्यंत तेच सोडायला गेले. दाखल्यावरची एक जून मात्र तशीच राहिली. ती बदलायला कोर्टाचे इतके खेटे होते की मायलेकींनी तो नाद केला नाही.

निवृत्तीनंतरची गोष्ट. अंबड रस्त्यावर मला कुत्रं चावलं. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात इंजेक्शनं घ्यायची होती. तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा नेहमीची सिस्टर रजेवर होती. बाकावर बसून राहिलो. आत बाळंतपण चाललं होतं. थोड्या वेळानं बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि आणखी थोड्या वेळानं एक उंच सिस्टर बाहेर येऊन टेबलाशी बसली. तिनं जन्माची नोंदवही उघडली. नावाच्या पट्टीवर सुनंदा होतं. ती कामात होती, म्हणून मी बाकावरच थांबलो.

तिच्यामागोमाग बाळाची आजी आली, लगबगीनं, हातात टॉवेल. टेबलावर वाकून हळू आवाजात म्हणाली, "बाई, एक काम करा. आज अमावास्या हाय. कालची तारीख टाका. पोरीची जात हाय, उद्या लग्नाच्या वक्ताला लोक इचारतेत."

"कालची कशी टाकू, मावशी?"

"कोन बघनार हाय? लेखनी तुमच्याच हातात हाय."

सुनंदानं डाव्या हाताचा तळवा उघडून तिच्यापुढं धरला. निळ्या पेननं त्यावर आकडे लिहिलेले होते. "हे बघा. पोरगी बाहेर आली तवाच घड्याळ बघून लिहिलं. आजची तारीख, अकरा वाजून बावन्न मिनिटं. हातावर लिहून झालं, आता बदलायचं माझ्या हातात न्हाई."

आजी थोडा वेळ त्या तळव्याकडं बघत राहिली. तिला वाचता येत नसावं, पण बघितलं तिनं. मग टॉवेल सावरत आत निघून गेली.

सुनंदानं तळव्यावरून वहीत एकेक आकडा उतरवला. पुन्हा एकदा तळवा आणि वही ताडून पाहिली. मग उठून नळाखाली साबणानं हात धुतले, पदराला न पुसता हवेतच झटकले आणि बाकाकडं वळून म्हणाली, "सर, ओळखलं मी तुम्हाला. बाही वर करा."